लोंढेकाकांनी न म्हटलेलं वाक्य

"हे वाक्य मी म्हणणार नाही," लोंढेकाका म्हणाले. त्यांनी कानावरचे हेडफोन काढले, नीट टेबलावर ठेवले आणि खुर्ची मागं सरकवली.

मी काचेच्या अलीकडं बसले होते. समोर कागद, हातात पेन, एकसष्ट वाक्यांवर बरोबरच्या खुणा. बासष्टाव्याला गाडी अडली.

"घसा कोरडा पडला का काका? चहा सांगू?"

"घसा ठणठणीत आहे. म्हणणार नाही म्हणालो."

वाक्य असं होतं : ‘गोळी घेतलीत. छान!’ आता यात न म्हणण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा. शिवी नाही, खोटी जाहिरात नाही, कुणाच्या धर्माला धक्का नाही. तीन शब्द. आणि तेच तीन शब्द आमच्या कंपनीचा जीव होते, असं मी चार महिने छातीठोकपणे सांगत आले होते.

बारा-तेरा वर्षं झाली याला. पुण्यातल्या जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून मी मिरजेला माहेरी आले होते, डोक्यात भरपूर हवा घेऊन. इलियास मुजावर नावाच्या इंजिनिअरनं सांगली-मिरज रस्त्यावर, स्पेअर पार्टच्या दुकानाच्या वर, ‘वेळेवर’ नावाची कंपनी काढली होती. माणसं चार. माल एकच : गोळ्यांचा बोलणारा डबा. म्हातारं माणूस एकटं घरात, मुलं परगावी. सकाळी आठ वाजले की डबा बोलणार, ‘सकाळची गोळी.’ झाकण उघडलं की डब्याला कळणार आणि परगावच्या मुलाच्या फोनवर संदेश जाणार. साधी गोष्ट. पण ती करायला इलियासला तीन वर्षं लागली होती. त्याच्या आईच्या आजारपणात गोळ्या चुकल्या होत्या आणि तो तेव्हा चेन्नईला होता. याच्यापलीकडं त्यानं त्या विषयावर मला कधी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मला त्यानं घेतलं ते डब्याला ‘माणूसपण’ द्यायला. शब्द माझाच. मी चाळीस पानांचं सादरीकरण केलं होतं. ‘मनू कोण आहे?’ मनू म्हणजे डब्यातली मुलगी. वय बावीस, लाडकी नात, कधी चिडत नाही, आवडता रंग आकाशी. पुण्यातल्या एका गोड आवाजाच्या मुलीकडून सगळं बोलून घेतलं आणि तीस घरांत डबे वाटले.

दोन आठवड्यांत त्यातले बावीस बंद! एका आजींनी डबा तांदळात पुरून ठेवला होता. एक निवृत्त मुख्याध्यापक मला दारातच म्हणाले, "आजोबा, गोळी घ्या ना, असं लाडात येऊन मला सांगणारी ही कोण लागून गेली? माझ्या नातीची हिंमत नाही." इलियासच्या अब्बांनी तर डब्यावर टॉवेल टाकला होता. इलियासनं विचारलं तेव्हा म्हणाले, "आमच्या वेळी स्टँडवर लोंढे सांगायचा, गाडी लागली. की अर्धा चहा टाकून आम्ही उठायचो. असा माणूस सांगू दे, घेतो गोळी."

दुसऱ्या दिवशी इलियास श्रीपती लोंढ्यांच्या दारात उभा होता. अशी माणसं मी कमी पाहिली आहेत. चाळीस पानांचं सादरीकरण त्यानं शांतपणे बाजूला ठेवलं आणि वडिलांचं एक वाक्य उचललं.

लोंढेकाका मिरजेच्या एसटी स्टँडवर सव्वीस वर्षं गाड्या पुकारायचे. साठीच्या पुढच्या कुठल्याही मिरजकराला विचारा, तो आवाज त्याच्या कानात असतो. गोड नाही, खणखणीत. लाडी नाही, गोडी नाही, पण ऐकलं की माणूस उठतो. पहिलं वाक्य त्यांनी माइकवर म्हटलं, ‘आठ वाजले आहेत. सकाळची गोळी,’ आणि काचेच्या अलीकडं माझा पाठीचा कणा ताठ झाला, खोटं नाही सांगत. मनू गेली चुलीत, म्हटलं. आपल्याला आवाज सापडला.

आणि आता हा आवाज अडून बसला होता.

मी आत गेले. "काका, काय खटकतंय?"

"तुमच्या डब्याला काय कळतं?"

"झाकण उघडलं की कळतं."

"गोळी घेतली ते?"

"झाकण उघडलं म्हणजे घेतलीच की."

"ते तुम्ही म्हणताय. डब्याला दिसलं का?"

"काका, कौतुकाचा शब्द आहे हो! म्हाताऱ्या माणसाला कोण शाबासकी देतं? ह्या एका वाक्यावर तर सगळं उभं आहे. बाकी नुसतं घड्याळ झालं."

ते म्हणाले, "बसा. आमच्या केबिनच्या खिडकीतून पाच नंबरचा फलाट दिसत नव्हता. कंडक्टर तिकडनं ओरडायचा, लोंढे, लागली, पुकारा! मी उठायचो, बाहेर जायचो, डोळ्यांनी गाडी बघायचो, परत यायचो, मग माइक. दिवसाला तीस-चाळीस खेपा. साहेब म्हणायचे, कशाला पाय मोडून घेताय."

"कधीच चुकला नाहीत?"

"एकदा. पाऊणशे माणसं ताटकळलेली, मलाही कंटाळा आलेला. कंडक्टरच्या शब्दावर पुकारलं, जतची गाडी पाच नंबरला लागलेली आहे. लागली नव्हती. सगळं स्टँड पळत सुटलं. त्यात एक बाळंतीण होती, लेकरू कडेवर. पडली. लेकराला तिनं वर धरलेलं, त्याला काही झालं नाही. हिच्या कोपराचं हाड मोडलं. ती उठून बसली आणि माइकच्या कर्ण्याकडं बघितलं तिनं. माझ्याकडं नाही. मी कुठं बसतो तिला काय ठाऊक? कर्ण्याकडं." त्यांनी टोपी हातात घेतली. "तेव्हापासून बघितल्याशिवाय बोललो नाही."

मला गोष्ट आवडली. लगेच डोक्यात आलं, जाहिरातीत वापरता येईल. असली होते मी तेव्हा.

"पण काका, डब्याला डोळा बसवायचा म्हणजे वर्ष जाईल."

"मग वर्षभर त्या जागी गप्प बसू दे त्याला," ते म्हणाले आणि टोपी घालून घरी गेले.

तो शनिवार होता. गुरुवारी अकरा वाजता मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या डॉक्टर शैलजा होनवाड आमच्याकडं येणार होत्या. घरी जाणाऱ्या म्हाताऱ्या रुग्णांबरोबर पाचशे डबे द्यायचे का, ते त्या ठरवणार होत्या. हे काम मिळालं तर ‘वेळेवर’ उभी राहणार होती, नाही तर दिवाळीआधी कुलूप. हे चौघांनाही ठाऊक होतं, त्यामुळं कुणी बोलत नव्हतं. सोमवारपासून दहा घरांत नव्या आवाजाचे डबे लावायचे आणि गुरुवारी डॉक्टरांना निकाल दाखवायचा, असं ठरलेलं.

रविवारी दुपारी मी एकटीच ऑफिसात बसले. लोंढेकाकांची एकसष्ट वाक्यं कॉम्प्युटरवर होती. एका वाक्यातून ‘गोळी’ उचललं. दुसऱ्यातून ‘घेतलीत’. आवाज तपासताना ते सहज काहीतरी बोलले होते, त्यातून ‘छान’. तिन्ही जोडले, जोड घासून पुसून गुळगुळीत केले. दीड तासाचं काम. ऐकलं तर अस्सल लोंढे! माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

सोमवारी सकाळी इलियासनं ऐकलं. "काका मानले?" त्याला आश्चर्य वाटलं होतं.

"मानले," मी म्हणाले. डोळ्यांत डोळे घालून म्हणाले.

गुरुवारी सकाळी दहाला लोंढेकाका जिना चढून वर आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, टोपी. मला वाटलं, डॉक्टर येणार म्हणून मुद्दाम आले. मी पुढं होऊन म्हणाले, "या या काका! तुमच्या आवाजानं कमाल केलीय. दहाच्या दहा घरांत डबा चालू आहे. एकानंसुद्धा बंद केला नाही."

"आवटीबाईंच्या घरी गेला होता का तुम्ही?"

सुमित्राबाई आवटी आमच्या दहा घरांतल्या एक. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकट्या, मुलगा सुकुमार बंगळूरला. लोंढेकाकांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं.

"नाही. का?"

"काल सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. कपाळाला सहा टाके आहेत. मी आत्ता दवाखान्यातनं बघून येतोय." त्यांचा आवाज वर गेला नव्हता. वर गेला असता तर बरं झालं असतं. "रक्तदाबाची गोळी दोन दिवस पोटात गेलेली नाही. सोमवारी झाकण उघडलं, तेवढ्यात दाराशी दूधवाला आला. परत आल्यावर त्यांना आठवेना, घेतली का नाही. मंगळवारी गोळी हातातून सांडली, तीही लक्षात राहिली नाही. मला काय म्हणाल्या सांगू का ताई? म्हणाल्या, मी घेणार होते दुसरी, पण तुम्हीच म्हणालात ना लोंढे, घेतली म्हणून. तुम्ही म्हणालात म्हणून मी निर्धास्त राहिले."

"आणि त्यांचा मुलगा?" मी विचारलं.

"सुकुमारलाही तसाच निरोप गेला. घेतली म्हणून," ते म्हणाले. "हे वाक्य मी म्हटलेलं नाही. मग कोण बोललं माझ्या तोंडानं?"

आतल्या खोलीच्या दारात इलियास उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो काकांकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता.

"तुम्ही म्हणालात, मानले."

"नाही मानले ते," मी म्हणाले. "मी जोडून तयार केलं. रविवारी."

तो ओरडेल म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. तो ओरडला नाही. घड्याळाकडं त्यानं एकदा बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं.

इथं मी जे बोलले ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, "इलियासभाई, डॉक्टर येऊन जाऊ देत. तासाभराचा प्रश्न आहे. संध्याकाळी सगळ्या डब्यांतून काढते. आज हे बोलून काय साधणार?"

"बाकी नऊ घरांत काय चाललंय?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्या गोळ्या गेल्यात का पोटात?"

आणि त्यानं फोन उचलला. यादी त्याला तोंडपाठ होती. आमच्या दोन इंजिनिअरांना त्यानं तीन-तीन नावं दिली, तीन स्वतः घेतली. काय बोलायचं ते एकदाच सांगितलं. मग मी त्याला बोलताना ऐकलं.

"नमस्कार गुरुजी, ‘वेळेवर’मधून इलियास मुजावर बोलतोय. आमचा डबा चार दिवस चुकीचं बोलतोय. गोळी घेतली असं म्हणतोय, पण ते त्याला कळत नाही. चूक आमची आहे. डबा आत्ता बंद करा आणि मी फोनवर थांबतो, तुम्ही गोळ्या मोजा. हो, आत्ताच. थांबतो मी. सोमवारपासून किती कमी व्हायला पाहिजेत ते मी सांगतो."

दुसरा फोन. तिसरा. प्रत्येक ठिकाणी तेच, न गाळता, न मऊ करता. ‘चूक आमची आहे.’ एका घरातल्या सूनबाई त्याला काय काय बोलल्या! मला टेबलाच्या पलीकडून ऐकू येत होतं. हा गप्प ऐकून घेत होता आणि शेवटी म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. आता गोळ्या मोजता का वहिनी?"

लोंढेकाका बाकड्यावर बसून सगळं ऐकत होते. मी भिंतीला टेकून उभी. मला कुणी काही काम सांगितलं नव्हतं. चार महिने मी या कंपनीला स्वभाव देत होते. रंग, वय, आवडीनिवडी. आणि कंपनीचा स्वभाव माझ्यासमोर फोनवर बोलत होता, घाम पुसत. मला त्याचा अभिमान वाटला आणि स्वतःची शरम, दोन्ही एकदमच.

शेवटचा फोन चालू असताना माझं दाराकडं लक्ष गेलं. डॉक्टर होनवाड उभ्या होत्या. ठेंगण्या, पिकलेले केस, खांद्याला कापडी पिशवी. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

इलियासनं फोन ठेवला आणि त्या दिसल्या. तो उठून उभा राहिला.

"चालू द्या," डॉक्टर म्हणाल्या. "किती घरं झाली?"

"नऊ. दोघांच्या गोळ्या चुकल्यात. एक-एक. त्यांना त्यांच्या डॉक्टरांना फोन करायला सांगितलाय. दहावं घर आवटींचं, त्या दवाखान्यात आहेत. काल पडल्या. आमच्यामुळं."

"हे मला तुम्ही दुपारी सांगितलं असतंत तरी चाललं असतं. कागदावर सही झाल्यावर."

"हो," इलियास म्हणाला.

डॉक्टर खुर्चीवर टेकल्या. "कुणी केलं हे?"

"कंपनीनं."

"कंपनीला हात असतात का? कुणी केलं?"

"कंपनीनं, मॅडम," तो परत म्हणाला.

मला ते सहन झालं नाही. "मी केलं," मी म्हणाले. "हे काका नको म्हणत होते. त्यांचा आवाज कापून मी जोडला. सरांना खोटं सांगितलं."

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुन्हा इलियासकडं वळल्या. मी जणू एक खुर्ची. बरंच झालं.

"मुजावर, माझ्याकडं या वर्षात पाच कंपन्यांची माणसं येऊन गेली. सगळ्यांची यंत्रं हुशार. सगळ्यांना सगळं कळतं. माझ्या रुग्णांना मी तीस वर्षं विचारतेय, गोळी घेतली का? हो म्हणतात. निम्मे खोटं बोलतात, निम्म्यांना आठवत नाही. मला त्यात आणखी एक खोटं बोलणारा नको." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "तुमच्या डब्याला ‘मला माहीत नाही’ असं म्हणता येईल?"

इलियास लोंढेकाकांकडं बघत होता. प्रश्न डब्याला नव्हताच, ज्याचा आवाज त्याला होता.

लोंढेकाका उठले. "मुजावर, आधी माझा आवाज काढा त्यातनं."

"तीन शब्द का काका?"

"सगळा."

आता संपलं, डॉक्टरांच्या देखत संपलं. एकसष्ट वाक्यं, दहा घरं, सगळं. इलियासनं एकदाही ‘विचार करा’ म्हटलं नाही. कॉम्प्युटरपाशी बसला आणि काकांना शेजारी बसवून एकेक वाक्य पुसायला लागला. सकाळची गोळी. जेवणाआधीची गोळी. पाण्याबरोबर घ्या. पुसत गेला, पुसत गेला. शेवटी माझं ते तीन शब्दांचं वाक्य आलं. तेही गेलं. पडदा कोरा.

"नक्कल कुठं ठेवलेली नाही ना?"

माझ्याकडं होती, पेन ड्राइव्हवर. मी पर्समधून काढून टेबलावर ठेवली. काकांनी ती उचलली, शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं.

"झालं?" इलियासनं विचारलं.

"झालं," काका म्हणाले. "आता माइक काढा. पहिल्यापासून म्हणतो. आणि ह्या ताई लिहून घेतील. मी सांगेन तसं. आपल्या मनाचं नाही."

मी अक्षरशः पळत जाऊन वही आणली. काका खिडकीतून रस्त्याकडं बघत विचार करत राहिले. डॉक्टरांनी चहाला नको म्हटलं नाही, म्हणजे त्या थांबणार होत्या.

"लिहा," काका म्हणाले. "डबा उघडला. गोळी तोंडात गेली का, ते मला दिसलेलं नाही. तुम्ही बघा."

"एवढंच?" माझ्या तोंडून गेलं.

"एवढंच मला माहीत आहे."

डॉक्टर होनवाडांनी पाचशे डबे घेतले नाहीत. शंभर घेतले, सहा महिन्यांसाठी, आणि जाताना इलियासला म्हणाल्या, "मुलांना जाणारा निरोपसुद्धा बदला. ‘घेतली’ नाही. ‘डबा उघडला, फोन करून विचारा.’"

पुढं ‘वेळेवर’ मोठी झाली. आज मला व्यवस्थापनाच्या कॉलेजांत बोलावतात, मुलं विचारतात, तुमच्या ब्रँडचं व्यक्तिमत्त्व कसं घडवलंत? मी खरं सांगते. मी घडवलं नाही. मी एक खोटं बोलले, आणि दोन माणसांनी त्याचं काय केलं ते कोपऱ्यात उभं राहून बघितलं. त्यानंतर आमच्या जाहिरातीत, कागदावर, तक्रारीच्या फोनवर एकच नियम चालला : जे दिसलं तेवढंच बोलायचं. तो नियम कुठल्या सादरीकरणात लिहावा लागला नाही. नवं माणूस आलं की त्याला पहिल्या दिवशी आवाजाच्या खोलीत बसवायचं आणि लोंढेकाकांची वाक्यं ऐकवायची. पुरतं तेवढं.

पण त्या गुरुवारचं अजून एक राहिलं. संध्याकाळी मी राजीनाम्याचं पत्र इलियाससमोर ठेवलं. त्यानं ते वाचलं नाही.

"हे नंतर बघू," तो म्हणाला. "आवटीआजी उद्या घरी येतील. शनिवारी सकाळी आठच्या आधी त्यांच्याकडं जा. नवा डबा तुम्ही लावा. आणि काय घडलं ते तुम्हीच सांगा. कंपनी म्हणून नको. तुम्ही म्हणून."

शनिवारी पावणेआठला मी आजींच्या दारात. कपाळावर पांढरी पट्टी, डोळ्याखाली निळंजांभळं. मला वाटलं होतं, बोलायला सुरुवात करेन आणि रडेन. सुरुवातीलाच रडले.

"अगं बाई, आत तर ये आधी," आजी म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. रविवारची दुपार, तीन शब्द, सगळं. त्या ऐकत होत्या, हातातली जपमाळ थांबवून.

"म्हणजे लोंढे नव्हते ते?"

"नव्हते आजी. मी होते."

"तरीच!" त्या म्हणाल्या. "मी म्हणतच होते मनात, लोंढे कसे चुकले?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच सुटल्यासारखं दिसलं. माझ्यावर रागवायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

आठ वाजले. डबा बोलला. ‘आठ वाजले आहेत. सकाळची गोळी.’ आजींनी झाकण उघडलं, गोळी तळहातावर घेतली. झाकण लागलं.

‘डबा उघडला. गोळी तोंडात गेली का, ते मला दिसलेलं नाही. तुम्ही बघा.’

आजींनी तळहाताकडं बघितलं. गोळी तिथंच होती. त्यांनी ती तोंडात टाकली, तांब्यातलं पाणी प्यायल्या आणि डब्याकडं तोंड करून मोठ्यांदा म्हणाल्या, "घेतली हो लोंढे!"

"आजी, त्याला ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"ते कळतं मला. एवढी काही खुळी नाही." त्यांनी पदरानं ओठ टिपले. "त्याला नाही दिसलं. तुला दिसलं ना?"

"दिसलं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सुकुमार. बंगळूरला त्याच्याकडं नवा निरोप गेला होता : डबा उघडला, फोन करून विचारा. आजींनी फोन कानाला लावला, दोन शब्द ऐकले आणि तो माझ्यापुढं धरला.

"माझ्यावर त्याचा विश्वास नाही आता. तू सांग."

मी फोन घेतला. पलीकडून आवाज आला, घाबरा, घाईचा. "कोण बोलतंय? आईनं गोळी घेतली का?"

चार महिने मी हे वाक्य किती तऱ्हांनी लिहिलं होतं. आजी माझ्याकडं बघत होत्या. पाण्याचा थेंब अजून त्यांच्या हनुवटीवर होता.

"घेतली," मी म्हणाले. "मी बघितलं."